थंड डोक्याने घ्यायची गरम वस्तू

मध्यमवर्गीय घरात तापणाऱ्या वस्तू पूर्वी मोजक्या होत्या. पहाटे तापायचा तो बंब, रविवारी तापायची ती इस्त्री, आणि महिनाअखेरीस वाण्याची वही बघून तापायचे ते वडील. तिघांचीही तापण्याची वेळ ठरलेली असे, आणि तिघांपासून किती अंतर राखायचं हे घरातल्या शेंडेफळालाही ठाऊक असे. अलीकडे या यादीत चौथं नाव दाखल झालं आहे. ते म्हणजे ग्राफिक्स कार्ड. हे केव्हा तापेल, किती तापेल आणि तापल्यावर काय करील याचा अंदाज घरातल्या कोणालाच नसतो. ज्याने ते पदरमोड करून विकत आणलं त्याला तर नसतोच नसतो.

माझं भांडण त्या कार्डाशी नाही. कार्ड बिचारं गुणी आहे. माझं भांडण आहे ते निवडण्याच्या पद्धतीशी. दोन-दोन लाखांची ही वस्तू लोक वरातीचा घोडा निवडावा तशी निवडतात. झूल कशी आहे, तुरा कसा आहे, दिव्यांत कसा चमकतो, हे बघून. आणि घरी आणल्यावर त्याला जुंपतात घाण्याला! आता घाण्याला जुंपायचं तर बैल बघावा, त्याचे खांदे बघावेत, मुख्य म्हणजे त्याला पाणी कुठे पाजणार ते आधी बघावं. पण हे सांगायला गेलं की, "काका, तुम्हाला यातलं काय कळतं?" असा चेहरा करून तरुण पिढी आपल्याकडे बघते. कळतं बाबांनो. तापणाऱ्या वस्तूंबरोबर आमचं सगळं आयुष्य गेलं आहे.

ज्यांच्या घरी हा प्राणी अजून आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. संगणकाचा मुख्य मेंदू म्हणजे कचेरीतला हेडक्लार्क. हुशार, अनुभवी, कुठलंही अवघड प्रकरण निपटणारा; पण एका वेळी थोडीच प्रकरणं हातात घेणारा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे सोप्या बेरजा-गुणाकार करणाऱ्या कारकुनांची फौज. २०२२ साली एनव्हिडिया कंपनीने आणलेल्या 'आरटीएक्स ४०९०' या कार्डात असे १६,३८४ कारकून आहेत, आणि ते सगळे बसतात साधारण ६ चौरस सेंटिमीटरच्या एका चकतीवर. म्हणजे टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेत. आमच्या कचेरीत ४० माणसांना एक हॉल होता, तरी मे महिन्यात फायलींनी वारा घ्यावा लागे. मग त्या १६,३८४ जणांची काय अवस्था होत असेल?

हे कार्ड पूर्ण जोरात चाललं की ४५० वॅट वीज खातं. त्याचा २०२५ सालचा धाकटा भाऊ 'आरटीएक्स ५०९०' खातो ५७५ वॅट. आणि खाल्लेल्या विजेचं होतं काय? चित्रं होतात, हिशोब होतात, हे सगळं खरं. पण भौतिकशास्त्राच्या वहीत त्या सगळ्या विजेची अखेरची नोंद एकाच खात्यावर पडते, ते म्हणजे उष्णता. शंभरातला शंभरावा वॅटसुद्धा उष्णताच होतो. इस्त्री निदान ७५० किंवा १,००० वॅट घेऊन आपल्या ऐसपैस तळव्यावर पसरते. इथे ती आग तिकिटाएवढ्या जागेत कोंबलेली. चौरस सेंटिमीटरमागे हिशोब केला तर हा ऐवज इस्त्रीच्या आठ-दहा पट भरतो. म्हणून त्या एवढ्याशा चकतीवर तांब्याची नळकांडी, ॲल्युमिनियमच्या पात्यांची चवड आणि तीन पंखे असा दोन किलोंहून जास्त वजनाचा डोलारा उभा करावा लागतो. शाळिग्रामापेक्षा देव्हारा मोठा, तसली गत.

हे काही पहिल्यापासून असं नव्हतं. १९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचं 'व्हूडू' कार्ड आलं तेव्हा त्यावर पंखासुद्धा नव्हता. चिपा उघड्याबोडक्या, आदिवासी साधेपणाने बसलेल्या. २००३ साली 'जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा' आलं ते इतकी घरघर करायचं की धूळ ओढायच्या यंत्राशी त्याची तुलना झाली, आणि खुद्द कंपनीच्याच माणसांनी त्यावर विडंबनाची एक फिल्म काढली. २०१० सालच्या 'जीटीएक्स ४८०'वर अंडं तळण्याचे विनोद झाले. त्याची भूक होती २५० वॅट. २०१७ सालचं '१०८० टीआय' हे नावाजलेलं कार्डही २५० वरच होतं. मग २०२० साली '३०९०' आलं ३५० वर, २०२२ साली ४५०, २०२५ साली ५७५. हा आलेख मी पाहिला तेव्हा मला आमच्या महागाई भत्त्याची आठवण झाली. फरक एवढाच, की भत्ता इतक्या झपाट्याने कधी चढला नाही.

आता यावर खेळ खेळणाऱ्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. खेळ म्हणजे शर्यत, मधूनमधून दम घ्यायला मिळतो. शत्रू मेला, पडदा बदलला, खेळाडू चहा प्यायला उठला, की कार्डही उसासा टाकतं. माझा प्रश्न आहे तो त्यावर रात्रंदिवस काम करणाऱ्यांचा. कोणी इमारतींची चित्रं रेंडर करतं, कोणी ॲनिमेशन करतं, कोणी त्या कृत्रिम बुद्धीला शिकवणी देतं. हे काम म्हणजे वारी आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. त्याला शंभर मीटरची शर्यत जिंकणारा गडी काय कामाचा? पण खोक्यावरचे आकडे बघा, जाहिराती बघा, दुकानदाराचं तोंड बघा. सगळीकडे हिशोब पहिल्या शंभर मीटरचा. दिवेघाटात या गड्याचं काय होईल, हे कोणी छापत नाही.

माझा भाचा याच व्यवसायात आहे. बिल्डर लोक इमारत उभी राहण्याआधी जी फिल्म दाखवतात, म्हणजे ज्यात सोसायटीतली सगळी मुलं हसत असतात, झाडांची पानं झडत नाहीत आणि पार्किंगला जागा असते, ती करणं हे त्याचं काम. कर्ज काढून त्याने ४०९० घ्यायचं ठरवलं आणि मला दुकानात बरोबर नेलं. दुकानाचं नाव सांगत नाही. सगळी दुकानं त्याच नावाची असतात.

विक्रेता म्हणाला, "अंकल, हे कॅबिनेट बघा. तिन्ही बाजूंनी काच. आत सात पंखे, सगळ्यांना लायटिंग. कलर मोबाइलवरून चेंज होतात."

मी विचारलं, "वारा कुठून आत जातो?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी नव्या नवरीला गुडघेदुखीबद्दल विचारलं होतं. मग काचेखालची एक फट दाखवली. आमच्या दाराच्या फटीतून मांजराचं पिल्लू येतं. या फटीतून मुंगीने यायचं तरी अंग चोरून आलं असतं.

"मामा, सगळे हेच घेतात," भाचा कुजबुजला. घेतलंही.

मे महिन्यात कामाला सुरुवात झाली. संध्याकाळी आठ वाजता कार्ड तासाला ४० चित्रं काढत होतं. भाच्याने त्या हिशोबाने बिल्डरला तारीख दिली आणि झोपला. पहाटे उठून पाहतो तर वेग तासाला ३१ वर आलेला! कुठेही लाल दिवा नाही, भोंगा नाही, तक्रार नाही. ताप सोसवेना म्हणून कार्डाने आपणहून गती कमी केली होती. याला त्या शास्त्रात 'थ्रॉटलिंग' म्हणतात. आमच्या कचेरीत दुपारी तीननंतर हेच चालायचं, फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हतं. तारीख चुकली, बिल्डरने पैसे कापले. कर्जाचा हप्ता मात्र वेळच्या वेळी आला. हप्त्याला थ्रॉटलिंग नसतं.

यावर घरात जे उपाय सुचले ते आपल्या राष्ट्रीय परंपरेला धरूनच होते. कॅबिनेटची काच काढून शेजारी टेबलफॅन ठेवण्यात आला. दोन लाखांच्या यंत्राला पंख्याने वारा घालण्याचं ते दृश्य पाहून आईला श्रावणातल्या पूजेची आठवण झाली. तिने वाळ्याचा पडदाही सुचवला. शेवटी वरच्या मजल्यावरचे काका आले. हे औष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांनी यंत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी खोलीत पाहिलं. खिडकी बंद, दार बंद, पडदा ओढलेला.

"कोराडीचे कूलिंग टॉवर पाहिलेत कधी?" त्यांनी विचारलं. "मैलांवरून दिसतात. वीज तयार करणारं यंत्र कोणाला दिसतं का? ते आत कुठेतरी असतं. तापणाऱ्या यंत्राची पहिली अट म्हणजे उष्णता बाहेर काढा. यंत्र कोणतं, हे नंतर ठरवा."

हे वाक्य प्रत्येक दुकानाच्या दारावर लावायला हवं असं मला वाटतं. कारण कार्डावरचे पंखे थंडी निर्माण करत नाहीत, ते फक्त खोलीतली हवा आत फिरवतात. कार्ड खोलीपेक्षा अमुक इतकं अधिक तापणार, एवढंच त्या पंख्यांच्या हाती. खोली २२ अंशांवर असेल तर एक हिशोब, ३८ वर असेल तर त्याच हिशोबात सोळा अंशांची भर. थंड देशात बसून कोणी सांगितलेलं तपमान अकोल्याच्या एप्रिलला लावणं म्हणजे लंडनचा ओव्हरकोट बघून नागपुरात कपडे शिवण्यापैकी आहे.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं ऐकू.

पहिला मुद्दा: "त्र्याऐंशी अंश नॉर्मल आहे, साहेब." नॉर्मल असेल. पण कुठल्या जागचे त्र्याऐंशी? पडद्यावर दिसतो तो चिपेचा सर्वसाधारण आकडा. चिपेवरची सगळ्यात तापलेली जागा वेगळी आणि मेमरीच्या चिपांचा ताप आणखी वेगळा. २०२० सालच्या ३०९० मध्ये निम्म्या मेमरी चिपा पाठीमागच्या बाजूला होत्या, जिथे पंखा नव्हता. मेमरीवर ताण देणारं काम लावलं की त्या शंभर अंशांच्या वर जायच्या, आणि पुढचा आकडा मात्र निरोगी दिसायचा. घरातला कर्ता हसतमुख आहे म्हणून स्वयंपाकघरात सगळं ठीक आहे, असं समजू नये. २०२२ च्या डिसेंबरात एएमडी कंपनीच्या 'आरएक्स ७९०० एक्सटीएक्स'च्या काही कार्डांत उष्णता वाहून नेणाऱ्या कप्प्यात पुरेसं द्रवच नव्हतं. तेव्हा ते पकडलं गेलं ते सर्वांत तापलेल्या जागेचा आकडा ११० वर गेला म्हणून. तात्पर्य, तिन्ही आकडे बघावेत.

दुसरा मुद्दा: "एसी लावा की!" लावू. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे सहाशे वॅटचा संगणक त्याला जड नाही. पण संगणक रात्रीत दहा तास चालला तर सहा युनिट, आणि ती उष्णता उपसायला एसीची आणखी युनिटं. एकदा तापवायचे पैसे आणि पुन्हा थंड करायचे पैसे. वीज कंपनीची या व्यवस्थेविरुद्ध काही तक्रार असणार नाही.

तिसरा मुद्दा: "पाण्याचं कूलिंग घ्या." पाणी चांगलं, पण पाणी म्हणजे गंगास्नान नव्हे. ते उष्णता धुऊन टाकत नाही, फक्त चिपेपासून रेडिएटरपर्यंत वाहून नेतं. तिथे पुन्हा पंखा आणि पुन्हा तीच खोली. मोठा रेडिएटर असेल तर पंखे सावकाश फिरतात, आवाज कमी होतो, हा फायदा खरा. पण बंद पडू शकणाऱ्या वस्तूंत एका पंपाची भर पडते, हेही तितकंच खरं.

चौथा मुद्दा सगळ्यात गाजलेला. काकांनी भाच्याला सांगितलं की कार्डाची वीज ४५० वरून ३३० वॅटवर बांधून टाक. भाचा हादरला. "मामा, कमीच चालवायचं तर एवढं महागडं घेतलं कशाला?"

इथेच खरी मेख आहे. विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो, आणि शेवटचा थोडा वेग मिळवण्यासाठी व्होल्टेज भलतंच चढवावं लागतं. स्कूटर पन्नासवर शहाण्यासारखी चालते. ऐंशीवर न्यायची तर पेट्रोल किती पिते हे सगळ्यांना माहीत आहे. कंपन्या कार्डं कारखान्यातूनच ऐंशीवर सोडतात, कारण तुलनेच्या तक्त्यात प्रतिस्पर्ध्याच्या दोन बोटं वर दिसायचं असतं. त्यातली पाव हिस्सा वीज कापली तर बहुतेक कामांत वेग शेकडा दहाच्या आतच उतरतो. मोठं कार्ड घ्यायचं ते त्यातल्या १६,३८४ कारकुनांसाठी आणि २४ जीबी मेमरीसाठी. त्यांना पळवण्यासाठी नव्हे. सोळा हजार माणसं आरामात काम करतात तेव्हा ती आठ हजार धापा टाकणाऱ्यांच्या पुढे जातात.

आणि हे माझं म्हणणं नाही. खुद्द त्या कंपनीचं आहे! ४०९० मध्ये जी चिप आहे त्याच जातीची चिप, आणखी काही कारकून जागे करून आणि ४८ जीबी मेमरी देऊन, कंपनी 'आरटीएक्स ६००० एडा' या नावाने व्यावसायिकांना विकते. त्याची भूक किती? ३०० वॅट. २०२५ साली निघालेल्या 'आरटीएक्स प्रो ६०००'चेही दोन अवतार आहेत, एक ६०० वॅटचा आणि दुसरा ३०० चा. जिथे एका पेटीत दोन-चार कार्डं शेजारी शेजारी बसवून रात्रंदिवस राबवायची आहेत तिथे ३०० वालं बसवतात. म्हणजे कामाचा शब्द द्यायचा असतो तिथे कंपनी शांतपणे वीज कमी करते, आणि हौसेच्या गिऱ्हाइकासमोर मात्र बँड वाजवते. त्या व्यावसायिक कार्डांवर तीन पंखेही नसतात. एकच ब्लोअर असतो, जो आपली गरम हवा कॅबिनेटच्या मागून थेट बाहेर फेकतो. आवाज करतो, पण आपला धूर आपणच घराबाहेर सोडतो. तीन पंखेवाला दिसायला देखणा; तो फोडणीचा धूर घरभर फिरवतो आणि शेजारच्या कार्डाला खोकला लावतो. एकच कार्ड असेल आणि कॅबिनेट हवेशीर असेल तर तीन पंखेवालाच शांत आणि बरा. दोन कार्डं चिकटून बसवायची असतील तर मात्र ब्लोअर. हा साधा नियम सांगायला विक्रेत्याला कितीसा वेळ लागतो? पण तो मोबाइलवरून कलर चेंज करण्यात गुंतलेला असतो.

भाच्याचं पुढे मार्गी लागलं. काचेची पेटी गेली, समोरून जाळी असलेली आली. हवा पुढून आत आणि मागून-वरून बाहेर. आत ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त, म्हणजे धूळ फटींतून न शिरता जाळीतच अडकते. जाळी दर रविवारी झटकायची. त्या वजनदार कार्डाखाली एक टेकू दिला. विजेची ती बारा पिनांची नवी जोडणी पूर्ण आत बसली आहे ना, आणि तोंडाशीच वायर मुरडलेली नाही ना, हे टॉर्च लावून पाहिलं. कारण २०२२ साली ४०९० च्या अशा काही जोडण्या वितळल्या होत्या, आणि त्या अर्धवट बसवल्यामुळे वितळल्या असं कंपनीने सांगितलं होतं. एसएमपीएस कुवतीपेक्षा थोडा मोठा घेतला, भिंतीतलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलं. खिडकी उघडून तिच्यात एक्झॉस्ट पंखा बसवला. आणि वीज बांधली ३३० वर. संध्याकाळी आठ वाजता तासाला ३८ चित्रं. पहाटे पाच वाजता तासाला ३८ चित्रं. बिल्डरच्या सोसायटीतली मुलं रात्रभर एकाच वेगाने हसत राहिली.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. आपल्याकडे फ्रिजवर तारे असतात, एसीवर तारे असतात. एसीचे तारे तर २०१८ पासून आपल्या हवामानाचा, २४ ते ४३ अंशांचा हिशोब धरून दिले जातात. सरकारला जे एसीबद्दल सुचलं ते कार्डाबद्दल का सुचू नये? खोक्यावर ठळक अक्षरांत छापा: पस्तीस अंशांच्या खोलीत, बंद कॅबिनेटमध्ये, आठव्या तासाला या कार्डाचा वेग किती, मेमरीचा ताप किती, आणि आवाज किती. पहिल्या मिनिटाचा आकडा हवा तर खाली बारीक अक्षरांत द्या, विम्याच्या अटी देतात तसा.

आणि तोपर्यंत, घेणाऱ्याने दुकानात तीनच प्रश्न विचारावेत. माझं काम मावेल एवढी मेमरी आहे का? हे जेवढं तापेल तेवढं माझ्या खोलीतून बाहेर काढता येईल का? आणि मागच्या उन्हाळ्यात विकलेली किती कार्डं दुरुस्तीला परत आली? तिसऱ्या प्रश्नाला विक्रेता दिव्यांचा रंग बदलून दाखवेल. तो लाल झाला की आपण उठावं.